माऊसवरचा हात

१

फोन जोडला गेला की माझं पहिलं वाक्य ठरलेलं असतं. "माऊसवरून हात काढा." नमस्कारसुद्धा त्याच्यानंतर.

हे मला मास्तरांनी शिकवलं. मास्तर म्हणजे आमच्या दुकानाचे मालक. त्यांनी आयुष्यात कुठल्या शाळेत शिकवलेलं नाही, पण समोर गिऱ्हाईक आलं की ते पासवर्ड कसा असावा यावर भाषण सुरू करतात, म्हणून सगळी गल्ली त्यांना मास्तर म्हणते. आम्ही घरगुती कॉम्प्युटरसाठी अँटीव्हायरस विकतो आणि विकल्यावर त्याची देखभाल करतो. गिऱ्हाइकाने फोनवर एक आकडा वाचून दाखवायचा, तो मी टाकला की त्यांच्या घरचा पडदा माझ्या पडद्यावर येतो आणि त्यांच्याकडचा बाण माझ्या हाताने हलायला लागतो. अशा वेळी त्यांचाही हात माऊसवर असला तर बाण दोघांच्या ओढाताणीत सापडतो आणि भलतंच बटण दाबलं जातं. म्हणून आधी हात काढायला सांगायचं.

मला हे काम आवडतं. माणूस समोर असला की माझी जीभ टाळूला चिकटते. फोनवर, आणि तेही वाक्यं ठरलेली असली, की जमतं.

आठवड्यातून एकदा, जेवणाची सुट्टी संपली की मी आत्याचा कॉम्प्युटर घ्यायचो. ती माझी सख्खी आत्या, तरी सवयीने तोंडातून तेच यायचं. "माऊसवरून हात काढा."

"काढला हो साहेब!" ती म्हणायची. "बोला आता. जेवलास का, मौनी?"

मौनी हे माझं तिच्या घरचं नाव. लहानपणी मी तिच्याकडे राहायला गेलो की दिवसभर हूं की चूं करायचो नाही.

तो कॉम्प्युटर खरा आतोबांचा, म्हणजे आत्याच्या यजमानांचा. ते दुकानांच्या पाट्या रंगवायचे. छापील पाट्या आल्या तेव्हा बरोबरच्या लोकांनी ब्रश टाकून दिले, आतोबांनी हट्टाने कॉम्प्युटर घेतला. नववीत शाळा सोडून मी घरात तोंड लपवून बसलो होतो, तेव्हा मला उचलून त्यांनी शेजारच्या खुर्चीवर बसवलं. माऊस धरलेल्या माझ्या हातावर त्यांनी आपला हात ठेवला. त्याला टर्पेंटाइनचा वास यायचा. "पोरा, घट्ट नको धरूस," ते म्हणायचे. "हात सैल सोड." मग माझ्या हाताने त्यांचं अक्षर उमटायचं. मला ते माझंच वाटायचं.

गेल्या वर्षी त्यांना झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. जीभ जड झाली वगैरे नाही, बोलणं मुळातूनच गेलं. डोळे आणि डावा हात तेवढे शाबूत राहिले.

२

आत्याचा कॉम्प्युटर जपणं हे काम जोखमीचं, कारण आत्या कुणालाच नाही म्हणत नाही. तुम्हाला बक्षीस लागलंय असं दिसलं की ती उघडते. तुमचं खातं बंद होणार आहे असं आलं की तीही उघडते आणि वर मला फोन करून त्या बिचाऱ्यांना उत्तर कसं पाठवायचं ते विचारते.

"अगं आत्या, अनोळखी माणसाला दार उघडतेस का तू?"

"पाणी मागितलं तर उघडते की."

म्हणून मीच दर आठवड्याला जाऊन सगळ्या खिडक्या-दारं तपासायची, असं आमचं ठरून गेलं होतं.

बाण ओढला जातो हे मला पहिल्यांदा कधी जाणवलं ते सांगता येणार नाही. फार बारीक होतं ते. मी बाण सरळ रेषेत नेत असायचो आणि तो किंचित उजवीकडे कलायचा, भरलेली बादली उचलल्यावर माणूस कलतो तसा. मला वाटायचं, आत्याने हात काढलेला नाही. ती माझ्याहून मोठी, तिला पुन्हा पुन्हा काय टोकायचं? मी बाण सोडून द्यायचो. तो थोडा भटकायचा, थांबायचा, मग मी पुढचं काम करायचो.

नंतर ती चौकट यायला लागली.

अँटीव्हायरसला संशय आला की तो चौकट उघडून विचारतो. अमुक प्रोग्रामला तुमच्या कॉम्प्युटरवर बदल करायचे आहेत. खाली दोन बटणं असतात, डावीकडे 'अडवा' आणि उजवीकडे 'परवानगी द्या'. यात काही नवल नाही, दिवसाला अशा कितीतरी चौकटी मी बघतो. पण या चौकटीत प्रोग्रामचं नावच नव्हतं. नावाच्या जागी अवतरणचिन्हं होती आणि त्यांच्यामध्ये कोरी जागा. बाकीचं वाक्य व्यवस्थित होतं.

मी बाण 'अडवा'कडे नेला. तो ओढला गेला. या वेळी कलला वगैरे नाही, चांगला ओढला गेला, आणि 'परवानगी द्या'वर जाऊन दाबला गेला.

"आत्या," मी म्हटलं.

"काय रे?"

मला विचारायचं होतं. पण तिचा कॉम्प्युटर, तिची मर्जी, आणि मी तिचा भाचा. "काही नाही," मी म्हटलं आणि पूर्ण तपासणी लावली. हिरवी पट्टी हळूहळू सरकत टोकाला गेली. धोका आढळला नाही.

दुसऱ्या आठवड्यात चौकट परत आली. तिसऱ्या आठवड्यातही. दर वेळी मी डावीकडे जायचो, बाण उजवीकडे जायचा. दर वेळी पट्टी हिरवीच.

मास्तरांना विचारलं तर ते चष्मा पुसत म्हणाले, "घरमालकानेच चोराला आत घेऊन चहा पाजला तर वॉचमनने काय करायचं? गिऱ्हाइकाने परवानगी दिली ना? विषय संपला."

"पण नाव कोरं होतं."

"अरे, कुठल्या तरी प्रोग्रामवाल्याचा आळस. सगळ्यात भूत नको शोधूस."

मी भुताचं नावसुद्धा काढलं नव्हतं.

३

त्यानंतर एका दुपारी मी आत्याच्या कॉम्प्युटरवर असताना फोनमध्ये तिचा आवाजच वेगळा आला. "मौनी, अरे हात हलला!"

"कुणाचा?"

"कुणाचा काय विचारतोस, ह्यांचा! उजवा! मगाशी चादरीवर असा असा सरकला. मागच्या खेपेलाही मला वाटलं होतं, पण म्हटलं माझ्याच डोळ्यांचा खेळ. आज व्यायामवाल्या बाईंनी स्वतः पाहिला. म्हणाल्या, चांगलं लक्षण आहे, हे असंच चालू राहिलं तर ब्रशही धरतील."

ती रडत होती आणि हसतही होती. झटका आल्यापासून मी तिला हसताना ऐकलं नव्हतं. माझा हात माऊसवर होता, तो नुसताच गोल गोल फिरवत बसलो.

"बघ, बघ, आत्ताही हलतोय," ती म्हणाली. "गोल गोल फिरवतायत."

माझा हात थांबला.

"थांबले आता. दमले असतील."

योगायोग असेल, असं मी मनाशी म्हटलं. तो शब्द डोक्यात पुरता उमटतोय तोवर पडद्यावरचा बाण हलला. मी हात उचलून मांडीवर ठेवला. बाण सावकाश कोपऱ्यात गेला आणि तिथून परत फिरला.

"आत्या, तू माऊस हलवतेयस का गं?"

"मी? मी ह्यांच्या खोलीत आहे, उशाशी. सूप भरवतेय."

"मग कॉम्प्युटरशी कोण आहे?"

"कोण असणार? तूच ना? मी तर नेहमीच आकडा सांगते आणि आत येते. तू काम करत असतोस, बाण फिरत असतो, लांबून दिसतो मला. आम्हाला दोघांना सोबत वाटते. रोज दुपारी तेवढी करमणूक."

"रोज?"

"हो. रोज नाही का येत तू? मधल्या दिवशी तर आकडाही विचारत नाहीस."

मी आठवड्यातून एकदाच येतो हे मी तिला सांगितलं नाही. दुकानात गिऱ्हाईक आलं होतं आणि मास्तर त्याला सांगत होते की पासवर्ड दाताच्या ब्रशसारखा असावा, एकाने दुसऱ्याचा वापरू नये.

४

मी तिच्या घरी गेलो. दुपारची वेळ होती, जिन्यात कपड्यांच्या साबणाचा वास होता. आत्याने दार उघडलं आणि हाताने खूण केली, हळू बोल.

बाहेरच्या खोलीत आतोबांचं जुनं रेखाटनाचं टेबल आहे, त्यावर कॉम्प्युटर. समोर भिंत. खुर्चीत बसलं की मागे आतल्या खोलीचं दार येतं आणि दारातून आतोबांचा पलंग दिसतो. म्हणजे बसणाऱ्याला दिसत नाही, पाठ असते. पलंगावरच्या माणसाला मात्र पडदा दिसतो.

मी आत डोकावलो. आतोबांना डुलकी लागली होती. उजवा हात चादरीवर होता. वाळलेला, स्वच्छ हात. रंगाचा एकही डाग नाही.

मग मी कामाला लागलो. संशयित कॉम्प्युटर आधी बाहेरच्या जगापासून तोडायचा, हा आमचा पहिला धडा. इंटरनेटची वायर काढली. आत्या स्वयंपाकघरात चहा टाकायला गेली होती. मी माऊसही काढला, वायर गुंडाळून टेबलावर उलटा ठेवला. आता या कॉम्प्युटरपर्यंत जगातल्या कुणाचाही हात पोचणं शक्य नव्हतं. मी वाट बघत बसलो.

कुणी हात लावला नाही की पडदा थोड्या वेळाने काळा होतो. तसा तो झाला. काळ्या काचेत माझा चेहरा दिसायला लागला आणि खांद्यामागे दार, दारात पलंग, पलंगावर पांढरी चादर. सगळं लहान आणि लांब दिसत होतं. स्वयंपाकघरात भांड्यावर झाकण खडखडत होतं.

चादरीवर काहीतरी सरकलं.

आणि पडदा उजळला. माऊस हलवल्यावर उजळतो तसा. चादर, दार, माझा चेहरा, सगळं पुसलं गेलं आणि मधोमध बाण होता. तो सरकत होता.

मी वळायला हवं होतं. मला वळायला वेळ लागला. मी स्वतःला समजावत होतो की आत कुठे तरी जुनी चुकीची जोडणी असेल, काहीतरी बिघडलं असेल. मला सगळंच थोडं शिकवलं आहे, पुरतं काहीच शिकवलेलं नाही, तेव्हा मला न कळणारं पुष्कळ असू शकतं. मग मी वळलो.

आतोबा जागे होते. उजवा हात चादरीवर फिरत होता. पंजा अर्धवट वाकलेला, तर्जनी किंचित वर. मी हजारो हात पाहिले नाहीत, पण माऊस धरलेला हात मला ओळखता येतो. तो हात उजवीकडे गेला, मी परत पडद्याकडे पाहिलं, बाण उजवीकडे जाऊन थांबला होता.

आतोबा माझ्याकडे बघत नव्हते. ते स्वतःच्या हाताकडे बघत होते. अंथरुणात काहीतरी चढून आलं तर माणूस जसा बघेल तसे. आणि त्यांचा डावा हात आला आणि त्याने उजव्याचं मनगट पकडलं. दाबून धरलं. चादरीला सुरकुत्या पडल्या. उजवा हात डाव्यालाही बरोबर घेऊन सरकत राहिला.

"बघितलंस?" आत्या माझ्या मागे येऊन उभी होती, हातात कप. "स्वतःहून व्यायाम करतात. एका हाताने दुसरा धरून हलवतात. कुणी सांगावं लागत नाही."

"आत्या, ते हलवत नाहीयेत. ते थांबवतायत."

"काहीतरीच काय!"

मी जवळ गेलो. उजव्या मनगटावर नखांचे वण होते, काही जुने, काही ताजे. "हे बघ," मी म्हटलं.

"डाव्या हाताला अंदाज राहत नाही रे त्यांच्या. व्यायामवाल्या बाईंनी सांगितलं आहे, नखं कापा म्हणून." ती पलंगाच्या कडेला बसली आणि त्यांचं कपाळ पुसायला लागली. "काय हो, भाचा आलाय तुमचा. दाखवा त्याला अजून एकदा."

आतोबांचे डोळे माझ्याकडे वळले. त्यांत पाणी होतं. मी ते पाणी कितीदा तरी आठवून पाहिलं आहे. मला अजून सांगता येत नाही ते कशाचं होतं.

५

"पुसून टाक," मास्तर म्हणाले. मी त्यांना निम्मंच सांगितलं होतं. मनगट वगैरे सांगितलं नाही, माऊस नसताना बाण हलतो एवढंच सांगितलं. "माऊस काढला तरी बाण हलतो ना? मग आत काहीतरी बसलंय. परवानगी काढून घे, अडव, आणि मशीन बंद करून चालू कर. इतका घाबरतोस कशाला? तोंड बघ, पिठाच्या डब्यात पडल्यासारखं."

आत्याकडून निघताना मी सगळ्या वायरी परत जोडल्या होत्या. पुढच्या खेपेला आत्याने आकडा सांगितला, मी "माऊसवरून हात काढा" म्हटलं, आणि चौकट आली तेव्हा मी माऊस दोन्ही हातांनी धरला. बाण उजवीकडे निघाला. मी डावीकडे रेटला. माऊसला वजन नसतं हे मला माहीत आहे. तरी माझे दंड भरून आले. फोनमध्ये आत्या उत्साहाने सांगत होती, "आज तर फारच जोर लावतायत, पलंग हलतोय बघ," आणि मी दात खाऊन रेटत होतो, आणि एका क्षणी विरोध सुटला. बाण सुळकन डावीकडे गेला. मी दाबलं. अडवलं.

फोनमधली पलंगाची करकर बंद झाली.

"आत्या?"

"थांबला," ती म्हणाली. "हात पडला रे खाली."

"आतोबा कसे आहेत?"

"झोपलेत." तिने फोन त्यांच्या तोंडाजवळ धरला. "घोरतायत. किती दिवसांनी असे गाढ झोपलेत."

मला वाटलं होतं, मला हलकं वाटेल. वाटलंही, त्या संध्याकाळपुरतं.

दुसऱ्या दिवशी हात हलला नाही. त्यानंतरही हलला नाही. व्यायामवाल्या बाई येऊन गेल्या आणि असं होतं कधीकधी, फार आशा ठेवू नये, असं म्हणाल्या. आत्या फोन करायची आणि नुसती धरून ठेवायची. आमच्या घराण्यात गप्प बसायचं काम माझं, ते तिने घेतलं होतं. मग एकदा ती दुकानातच आली. मास्तरांनी खुर्ची दिली, ती बसली नाही.

"तू काय केलंस त्या दिवशी?"

"अँटीव्हायरसने एक प्रोग्राम अडवला गं. अनोळखी होता."

"आणि त्याच क्षणी ह्यांचा हात थांबला."

"हो."

मला वाटलं ती म्हणेल, असं कसं होईल. मास्तर तरी म्हणतीलच. मास्तर आत जाऊन चहाचे कप विसळायला लागले होते.

"मग नको अडवूस त्याला," आत्या म्हणाली, इतक्या साधेपणाने, जणू पंखा बंद कर म्हणावं.

"आत्या, तो कोण आहे, काय आहे, काही माहीत नाही. त्याला नावसुद्धा नाही. आतोबांना तो नको असेल तर?"

"तुला कुणी सांगितलं नको म्हणून? त्यांनी सांगितलं? ते बोलले तुझ्याशी?" तिचा आवाज चढला. "मी रात्रंदिवस त्यांच्यापाशी असते, मला कळत नाही, आणि तुला एका दुपारी कळलं? अरे, तुझा हात कुणी धरला होता? सगळ्यांनी सोडला तेव्हा कुणी धरला होता? त्या माणसाचा हात परत येत होता, मौनी, आणि तू बटण दाबून बंद केलास."

मी खाली बघत होतो. नखांचे वण मी पाहिले होते. पण खरंच, कापायची राहिलेली नखंही असू शकतात. घाबरलेले डोळे पाहिले होते. पण वर्षभर मेलेला आपला हात जिवंत झाला तर कोण घाबरणार नाही? तो हात त्यांचाच होता, हे तर खरं होतं. मी कुणाला वाचवलं आणि कुणापासून, याचं माझ्याकडे धड एक वाक्य नव्हतं.

"एकदाच," ती म्हणाली. "एकदा परत येऊ दे. हात आला की बोलणंही येतं, बाई म्हणाल्या होत्या. मला त्यांचा एक शब्द ऐकायचाय. मग तू म्हणशील तसं."

आत्या कुणालाच नाही म्हणत नाही, असं मी वर लिहिलं. मला फक्त तिला नाही म्हणता येत नाही.

६

ती घरी पोचल्यावर तिने फोन लावला आणि आकडा वाचून दाखवला. बाहेर लख्ख ऊन होतं. समोरच्या दुकानदाराने उन्हासाठी पडदा सोडला होता आणि त्याची सावली आमच्या काउंटरपर्यंत आली होती.

"माऊसवरून हात काढा," मी म्हटलं.

"मी आत आहे, ह्यांच्याजवळ. फोन स्पीकरवर ठेवलाय. झोपलेत अजून."

चौकट माझी वाट बघत होती. मी काही उघडायच्या आधीच ती पडद्यावर होती. अवतरणचिन्हं, मध्ये कोरी जागा. खाली 'अडवा' आणि 'परवानगी द्या'. या वेळी त्यांच्या खाली खूण करायचा एक छोटा चौकोन होता, 'यापुढे विचारू नका'.

मी थांबलो. बाण जिथल्या तिथे होता. कुणीही ओढत नव्हतं. इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा तो अगदी माझ्या एकट्याच्या हाताने हलत होता. एवढा सोपा कधीच नव्हता. मी डावीकडे नेला, डावीकडे गेला. उजवीकडे नेला, उजवीकडे गेला. जे करायचं ते आता मीच करायचं होतं.

मी मनात एक ठरवलं. त्यांचा पहिला शब्द ऐकायचा. "पोरा" म्हणाले, "सैल सोड" म्हणाले, किंवा नुसतं आत्याचं नाव घेतलं, तर ते तेच आहेत. तसं नसलं तर पुन्हा अडवायचं. 'यापुढे विचारू नका' याला मी हात लावला नाही. एवढी काळजी घेतली.

'परवानगी द्या' दाबलं. चौकट गेली. जाता जाता खालच्या चौकोनात बरोबरची खूण दिसल्यासारखं झालं, पण तोवर ती गेलीच होती.

"उठले!" आत्या म्हणाली. "मौनी, हात हलतोय! अगं बाई, केवढा हलतोय!"

माझा बाणही हलत होता. मी हातात माऊस नुसता धरून होतो.

"डाव्या हाताने धरत नाहीयेत आता. सोडून दिलाय. अरे, डावाही चालायला लागला, दोन्ही चालतायत, बघ बघ, टेकून बसतायत! अहो, सावकाश! पडाल!"

पलंग करकरला, चादर घासल्याचा आवाज आला. आत्या हसत होती, मध्येच हुंदका येत होता. मास्तर कप हातात घेऊन माझ्या मागे उभे राहिले होते, तेही हसले. त्यांना वाटलं काहीतरी चांगलं झालंय.

"ओठ हलतायत," आत्या कुजबुजली. "बोला ना. मी आहे इथे. बोला."

मग फोनमधून आतोबांचा आवाज आला. वर्षभराने. घोगरा झाला होता, पण त्यांचाच होता, तो मी कुठेही ओळखेन. म्हणण्याची पद्धत मात्र त्यांची नव्हती. सपाट, सवयीची, दिवसातून कितीतरी वेळा तेच वाक्य म्हणणाऱ्याची होती.

"माऊसवरून हात काढा."

"बोलले!" आत्या ओरडली. "मौनी, ऐकलंस ना? बोलले! तुझंच ऐकून ऐकून पाठ झालंय त्यांना!"

मला तिला हो म्हणायचं होतं. 'अडवा' शोधायचं होतं, पण चौकट नव्हती, विचारणारं कुणी नव्हतं. आत्याच्या घरचा पडदा गेला होता, तिथे फक्त आमच्या दुकानाचा रोजचा पडदा होता आणि माझ्याच कॉम्प्युटरवरचा बाण, जो डावीकडून उजवीकडे फार सुरेख वळण घेत चालला होता, पाटीवर पहिलं अक्षर काढताना ब्रश चालतो तसा.

"अरे, काढ ना हात," मास्तर मागून म्हणाले. "ते सांगतायत ना?"

मी काढला. काढला असं मला स्पष्ट जाणवलं. मग मी खाली पाहिलं, उजवा हात अजून माऊसवरच फिरत होता, आणि माझा डावा हात धावत गेला आणि त्याने उजव्याचं मनगट पकडलं.